वीस लहान मेणबत्त्या

हॅम्बुर्ग शहराबाहेरच्या हॉर्न या गावात 1839 च्या डिसेंबरात एका प्रार्थनागृहाच्या छताला गाडीचे जुने लाकडी चाक टांगले गेले. चाकावर चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या होत्या आणि त्यांच्या मधल्या जागांत वीस लहान, लाल. 1 तारखेला रविवार होता. त्या दिवशी पहिली मोठी मेणबत्ती लागली. सोमवारी तिच्या शेजारची लहान, मंगळवारी आणखी एक. असे करत 24 तारखेला सगळे चाक उजळले. योहान हिन्रिक विखर्न या एकतीस वर्षांच्या तरुणाने ही युक्ती काढली होती. त्याच्याकडच्या मुलांनी एकच प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडले होते : नाताळ कधी?

या चाकातूनच पुढे ॲडव्हेंट रीथ, म्हणजे नाताळपूर्वीच्या काळातले मेणबत्त्यांचे कडे, आली. 1860 च्या सुमारास चाकाभोवती सुरूसारख्या झाडांच्या हिरव्या डहाळ्या आल्या, विसाव्या शतकात ती प्रॉटेस्टंट घरांतून कॅथलिक चर्चमध्ये पोहोचली, आणि आता वसई, मुंबई, पुणे, अहिल्यानगर, कुठेही नाताळच्या आधीच्या चार रविवारी वेदीजवळ हे हिरवे कडे दिसते. चार रविवार, चार मेणबत्त्या. मधल्या वीस लहान मेणबत्त्या मात्र या प्रवासात कुठेतरी गळून पडल्या. कारण साधेच असणार. घरात ठेवायला लहान कडे सोयीचे, आणि चर्चमध्ये माणसे जमतात रविवारी. पण विखर्नच्या मुलांना जे वार मोजून काढायचे होते ते वारच चाकावरून गेले.

ती मुले कोण होती, हे पाहिल्याशिवाय या गोष्टीचे वजन कळत नाही. हॅम्बुर्ग हे तेव्हा युरोपातल्या मोठ्या बंदरांपैकी एक. बंदराच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये कोंदट खोल्यांत कुटुंबेच्या कुटुंबे राहत. विखर्नचे वडील तो पंधरा वर्षांचा असताना गेले. शिकवण्या करून त्याने घर चालवले, मग धर्मशास्त्र शिकला आणि सांक्ट गेओर्ग भागातल्या रविवारच्या शाळेत शिकवू लागला. शाळेतल्या मुलांच्या घरी जाण्याची तिथे पद्धत होती. त्या भेटींमध्ये त्याने जे पाहिले ते नोंदवून ठेवले : कोणाच्या घरात किती माणसे, झोपायला काय, कोणाचा बाप दारूत, कोण तुरुंगात. रविवारच्या तासाभराच्या शाळेने या घरांत काही बदलणार नाही, हे त्याला लवकरच कळून चुकले. 1833 मध्ये कार्ल झीवेकिंग या वजनदार गृहस्थाने दिलेल्या एका जुन्या, गवती छपराच्या घरात तो आई आणि बहिणीसह राहायला गेला, आणि वर्षअखेरपर्यंत बारा मुलगे त्याच्यासोबत राहू लागले. घराचे नाव राउहेस हाउस. ही संस्था हॅम्बुर्गमध्ये आजही सुरू आहे.

त्या काळी अशा मुलांची सोय बहुधा अशी असे : कुंपणाच्या आत शेकडो मुले, गणवेश आणि छडी. विखर्नने भिंत बांधली नाही. येणाऱ्या प्रत्येक मुलाला तो पहिल्याच दिवशी सांगे की तुझ्या मागच्या सगळ्या गोष्टींची माफी झाली आहे, आणि त्या इथे कोणी काढणार नाही. मुले साधारण डझनभरांच्या गटात, एकेका लहान घरात, एका तरुण 'भावा'सोबत राहत. त्यांतली पुढची घरे बांधायला त्यांनी स्वतः हात लावला होता. सुतारकाम, बागकाम, पुढे पुस्तकबांधणी आणि छपाई, असे हातात काहीतरी कसब येत असे. 1835 मध्ये विखर्नशी लग्न झालेली आमांडा हिने या घराचा संसार पाहिला.

अशा मुलाला दिलेल्या वचनाचा अर्थ काय असतो? त्याच्या आयुष्यात मोठ्या माणसांनी 'उद्या' म्हणून सांगितलेल्या बहुतेक गोष्टी आल्याच नव्हत्या. बाप उद्या येतो म्हणाला आणि आला नाही, मालक पगार शनिवारी देतो म्हणाला आणि त्याने दिला नाही. विखर्नने त्यांना नुसते धीर धरा असे सांगितले नाही. त्याने तारीख दिली, ती मोजता येईल अशी डोळ्यांपुढे टांगली, आणि मग रोज, न चुकता, तिच्याकडे एक पाऊल टाकून दाखवले. अडचणीत असलेल्या माणसांची सेवा आणि ॲडव्हेंटची आध्यात्मिक तयारी यांचे नाते यापेक्षा नेमके क्वचितच कोणी मांडले असेल.

मराठी ख्रिस्ती घरांत ॲडव्हेंटला आगमनकाळ म्हणतात. दिवाळीचे आकाशकंदील उतरून ठेवले जातात आणि काही आठवड्यांतच वसईच्या वाडीवाडीत, गोव्याच्या वाड्यांवर, पुण्या-मुंबईच्या चाळींत नाताळचे तारे चढू लागतात. पाश्चात्त्य चर्चच्या पंचांगाप्रमाणे 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो आणि 22 ते 28 दिवस चालतो. वेदीवर जांभळा रंग येतो. तिसऱ्या रविवारी, आनंदाचा रविवार म्हणून, गुलाबी. एकीकडे बेथलेहेमात झालेल्या जन्माची आठवण आणि दुसरीकडे ख्रिस्त पुन्हा येणार ही आशा, असा दुहेरी काळ. म्हणूनच त्याचा सूर सणाचा नसून पश्चात्तापाचा आणि प्रतीक्षेचा आहे. बाजारात 1 डिसेंबरपासून नाताळ सुरू झालेला असतो, चर्चमध्ये मात्र अजून ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत.

या काळाची मुळे उपवासात आहेत, आणि त्या उपवासाचा संबंध पहिल्यापासून गरिबांशी होता. पाचव्या शतकात रोमचे पोप पहिले लिओ यांनी डिसेंबरातल्या उपवासावर अनेक प्रवचने दिली. त्यांतून ते पुन्हा पुन्हा बजावतात की उपवासाने वाचलेले अन्न भुकेल्याच्या ताटात गेले पाहिजे. नाहीतर ती नुसती काटकसर झाली. सहाव्या शतकात गॉलमधल्या माकों येथील धर्मसभेने संत मार्टिनच्या दिवसापासून, म्हणजे 11 नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत सोमवार, बुधवार, शुक्रवार उपवास ठरवून दिला. मार्टिन म्हणजे आमिएंच्या वेशीवर थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपल्या झग्याचा अर्धा भाग तलवारीने कापून देणारा सैनिक. नाताळच्या तयारीचे दार त्याच्या दिवशी उघडावे, ही रचना बोलकी आहे.

आगमनकाळाच्या वाचनांमध्ये सगळ्यांत खडा आवाज बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा. यशया संदेष्ट्याचा हवाला देऊन तो वाळवंटात हाक देतो : रस्ता सरळ करा, खळगे भरा, टेकड्या सपाट करा. ऐकणारे हेलावतात आणि विचारतात, मग आम्ही नेमके करावे काय? लूकच्या शुभवर्तमानात या प्रश्नाची तीन उत्तरे येतात. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, अन्नाचेही तसेच. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायांनी कोणाला धमकावून पैसे उकळू नयेत, आपल्या पगारात भागवावे. तो कोणालाही घरदार सोडून वाळवंटात या म्हणत नाही. जकातदाराला जकातनाका सोड असेही सांगत नाही. तीनपैकी फक्त एक उत्तर देण्याचे आहे. उरलेली दोन घेण्याबद्दलची आहेत, रोजच्या कामात आपण कोणाकडून काय काढून घेतो त्याबद्दलची.

आगमनकाळातल्या सेवेची चर्चा करताना हा भाग बहुतेक वेळा सुटतो. एखाद्या वस्तीत ब्लँकेट वाटायला जाणारा गृहस्थ आपल्या घरच्या कामवाल्या बाईला नाताळच्या आठवड्यात पगारी सुट्टी देतो का, एखादा ठेकेदार आपल्या मजुरांची मजुरी वेळेवर चुकती करतो का, हा योहानाच्या दृष्टीने तयारीचाच प्रश्न आहे. किंबहुना पहिला प्रश्न आहे.

विखर्न ज्या वर्षी त्या गवती छपराखाली राहायला गेला त्याच वर्षी, 1833 मध्ये, पॅरिसमध्ये आणखी एक गोष्ट घडली. फ्रेदेरिक ओझनाम हा विद्यार्थी मित्रांसोबत वादसभा चालवत असे. तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कामे केली असतील, आज तुम्ही काय करता, असा सवाल एका विरोधकाने टाकला आणि तो त्याला लागला. 23 एप्रिलला, ओझनामच्या विसाव्या वाढदिवशी, काही मोजक्या मित्रांची पहिली बैठक झाली. त्यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. गरिबांमध्ये कसे जायचे हे त्यांना शिकवले मूफतार भागात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांद्यू यांनी. पद्धत साधी होती आणि आजही तीच आहे. दोघांनी मिळून जायचे, माणसाच्या घरी जायचे, नियमाने जायचे. कुटुंबाला कार्यालयात बोलवायचे नाही. मुंबई, वसई, गोव्याच्या धर्मग्रामांमधून या सोसायटीचे सदस्य आजही अशाच घरभेटी करतात. त्यांचे नाव क्वचितच कुठे छापून येते.

घरी जाणे आणि बोलावून वाटणे, यात फरक कशाचा? डिसेंबरातल्या एखाद्या शनिवारी पुलाखालच्या किंवा खाडीकाठच्या वस्तीत टेम्पो येऊन थांबतो. आधी फलक बांधला जातो. बायका टोकन घेऊन रांगेत उभ्या राहतात, मुले पुढे घुसतात, कोणीतरी त्यांना ओळीत आणतो. ब्लँकेट हातात देताना दोघांनी क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहायचे असते. दोन तासांत टेम्पो रिकामा होतो. आणणाऱ्यांची भावना खरी असते, ब्लँकेटही खरेच उबदार असते, आणि थंडीत त्याची गरज असतेच. म्हणून हे वाटप बंद करा असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. पण त्या वस्तीत रेशनकार्डावरून नाव कमी झालेली म्हातारी असते, शाळेत दाखला नसल्याने घरी बसलेला मुलगा असतो, ठेकेदाराने तीन आठवड्यांची मजुरी बुडवलेली जोडपी असतात. त्यांना कोणीतरी सोबत येणारा हवा असतो. तहसील कचेरीत, शाळेत, दवाखान्यात. ते काम सोमवारी अकरा ते पाचच्या दरम्यान होते, आणि एका फेरीत कधीच होत नाही.

अडल्यानडल्या माणसाचे निम्मे आयुष्य वाट पाहण्यात जाते. रुग्णालयाच्या बाकावर, कार्यालयाच्या ओट्यावर, नाक्यावर, टँकरसाठी हंडे मांडून. साहेब जेवायला गेलेत, उद्या या. आगमनकाळ ज्यांना प्रतीक्षेचा काळ म्हणून पाळायचा आहे त्यांनी या बाकावर एखादा दिवस शेजारी बसून काढला, तर प्रार्थनेतले 'ये' हे आर्जव त्यांना वेगळे ऐकू येईल.

महाराष्ट्रात तर आगमनकाळ आणि एका फार मोठ्या समाजाची फरपट यांचे वेळापत्रकच जुळते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतल्या गावांतून ऊसतोड कामगारांच्या गाड्या निघतात. पावसाळ्यात मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हिशेब माणसांचा नसतो, कोयत्याचा असतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांच्या आसपास बांबू, चटया आणि आता प्लॅस्टिकच्या कागदाच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे अंधारात फडावर जायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. एक दिवस चुकला तर खाडा कापला जातो. म्हणून आजारी असले तरी जायचे, पाळीच्या दिवसांत जायचे, पोटुशी असताना जायचे. पालघर, ठाणे, रायगडमध्ये याच दिवसांत कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. तिथेही आगाऊ घेतलेली रक्कम फिटेपर्यंत सुटका नाही.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला, राज्य सरकारने समिती नेमली. तपासलेल्या सुमारे 82 हजार बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अनेकींचे वय पस्तिशी-चाळिशीच्या आतले. पाळी आणि अंगावरून जाणे यांमुळे खाडा पडू नये, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते.

लूकने सांगितलेली नाताळची गोष्ट या पार्श्वभूमीवर वाचली तर तिच्यातला गुळगुळीतपणा निघून जातो. सरकारी नोंदणीचा हुकूम निघाला म्हणून दिवस भरत आलेली बाई नवऱ्यासोबत दूरच्या गावाला निघते; तिथे उतरायला जागा नसते; बाळाला गव्हाणीत ठेवावे लागते. चर्चच्या आवारात गवत पसरून, दिवे लावून, मातीच्या मेंढ्या मांडून केलेला गोठा सुंदर असतो आणि मुलांनी तो करावाच. पण त्याच आठवड्यात पंचवीस-तीस किलोमीटरवर, उसाच्या फडाकडेला, कोपीत एखादी बाई बाळंत होत असते, आणि बाळाला टोपल्यात पाचटावर ठेवून काही दिवसांत पुन्हा कोयता हातात घेते. हे लिहिताना उपमा शोधावी लागत नाही.

दुष्काळ आणि ख्रिस्ती सेवा यांचे महाराष्ट्रातले नाते जुने आहे, आणि त्यात सगळ्यांत उंच उभ्या दिसतात पंडिता रमाबाई. 1870 च्या दशकात दक्षिणेत भटकंती करताना रमाबाईंचे आईवडील आणि बहीण उपासमारीने गेली. कोरडे अन्न मागताना तोंडातून शब्द न फुटणे काय असते हे त्यांना ठाऊक होते. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळताच त्या तिथे गेल्या. मदत छावण्यांमध्ये निराधार मुलींची होणारी विटंबना त्यांनी पाहिली आणि सुमारे 300 मुली-बायकांना त्या घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून दौंड तालुक्यातल्या केडगावला घेऊन ठेवलेल्या शेतजमिनीवर त्यांची सोय झाली. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. केडगावच्या या मुक्ती सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तिथे अंध मुलींसाठी वेगळे सदन होते, अत्याचाराला बळी पडलेल्यांसाठी कृपा सदन होते. विहिरी खणल्या गेल्या, माग चालले, तेलघाणा, शेती, छापखाना. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि त्याची जुळणी-छपाई याच बायकांनी केली. भुकेने मरायला टेकलेली मुलगी काही वर्षांनी छापखान्यात खिळे जुळवते आहे, हे एका डिसेंबरात होण्यासारखे काम नाही. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, तोपर्यंत त्या केडगावातच होत्या.

रमाबाईंचे नाव घेतले की धर्मांतराचा प्रश्न येतो, आणि तो टाळू नये. रमाबाईंच्या आधीच्या शारदा सदन या शाळेवर मुलींना ख्रिस्ती केले जात असल्याचा आरोप 1893 मध्ये झाला, पालकांनी मुली काढून घेतल्या, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादाला दोन्ही बाजू होत्या. पण आजच्या वाचकासाठी त्यातून एक कसोटी निघते. भाकरीसोबत अट आली की ती भाकरी राहत नाही. उपाशी माणसाचा 'हो' मुळात त्याचा स्वतःचा नसतो; तो घेऊन कोणताही धर्म मोठा होत नाही. ख्रिस्ती सेवकाने आपली श्रद्धा लपवण्याचे कारण नाही, कोणी विचारले तर ती सांगण्यातही गैर नाही. मात्र ताट, औषध किंवा शाळेतला प्रवेश यांच्या आड ती उभी राहता कामा नये. आगमनकाळाच्या भाषेत सांगायचे तर ज्याची वाट पाहायची तो देव येतो, ओढून आणावा लागत नाही.

ही कसोटी आणि न चुकता परत येण्याचे वचन, दोन्ही एकत्र पाळलेले एक ठिकाण जामखेड. डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे, दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. 1960 मध्ये लग्न झाले तेव्हाच आयुष्य खेड्यातल्या उपेक्षितांसाठी घालवायचे असे त्यांनी ठरवले होते. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन 1970 मध्ये ते जामखेडला आले. तालुका दुष्काळी, रस्ते नसल्यासारखे. 1971 च्या सुमारास प्रकल्पाच्या गावांत हजारामागे 176 बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. डॉक्टरांना आजार दिसत होते. लोकांना हवे होते अन्न आणि पाणी. लवकरच 1972 चा दुष्काळ आला.

आरोळ्यांनी लोकांचे ऐकले. कूपनलिका घ्यायच्या ठरल्या तेव्हा त्या कुठे घ्यायच्या, या प्रश्नात सगळ्या गावाची रचना अडकलेली होती. सवर्णांच्या आळीत पाणी लागले तर दलितांनी हंडे घेऊन लांब उभे राहायचे, कोणीतरी वरून ओतेल तेव्हा भरायचे. आरोळ्यांनी शक्य तिथे हातपंप दलित वस्तीत बसवले. तहान सगळ्यांना सारखी लागते. सवर्ण बायका वस्तीत येऊ लागल्या, एका दांड्यावर सगळ्यांचे हात पडू लागले. यशया संदेष्ट्याने म्हटलेले खळगे भरणे आणि टेकड्या सपाट करणे एखाद्या मराठी खेड्यात कसे दिसेल, तर ते हातपंपाच्या कठड्यापाशी लागलेल्या त्या रांगेसारखे दिसेल.

पुढचा टप्पा याहून धीराचा. बाहेरून नेमलेल्या परिचारिका खेड्यात रमल्या नाहीत. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची असे ठरले. अनेक जणी दलित होत्या, बऱ्याचशा निरक्षर, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला जामखेडला यायचे, एकत्र बसून शिकायचे, शिकलेले गावात नेऊन करायचे, पुढच्या आठवड्यात अडचणी घेऊन परत यायचे. अतिसारात मीठ-साखरेचे पाणी, बाळंतपणातली स्वच्छता, लसीकरण, मुलांचे वजन, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणे. ज्या बाईच्या सावलीचा विटाळ मानला जाई, तिच्या हातात सवर्ण घरातली सून आपले बाळ देऊ लागली. शेतकरी मंडळे, महिला मंडळे उभी राहिली. 1990 च्या दशकापर्यंत बालमृत्यूचा दर 20 च्या आसपास उतरला. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये. काम सुरू आहे.

आता मन कातर करणारा एक प्रश्न. ॲडव्हेंटची तयारी म्हणून सेवेला जायचे म्हटले की दुसऱ्याचे दुःख आपल्या आत्म्याच्या उन्नतीचे साधन होत नाही का? सुखवस्तू धर्मग्रामातले तरुण आदिवासी पाड्यावर दोन दिवस राहून येतात आणि आपल्याकडे किती आहे याची जाणीव झाली म्हणून कृतज्ञ होतात. कृतज्ञता चांगलीच. पण तिथल्या म्हाताऱ्याचे दारिद्र्य शहरातल्या मुलाला धडा देण्यासाठी नव्हते. तो धडा घेऊन मुलगा परतला आणि पाड्यावर काहीच बदलले नाही, तर या देवाणघेवाणीत घेणारा कोण होता, हे तपासले पाहिजे.

यावरचे उत्तर सेवा सोडून देण्यात नाही. ज्याच्याकडे जायचे त्याला आपले नाव, वेळ आणि शब्द यांत बांधून घेण्यात आहे. जाण्यापूर्वी विचारावे : आम्ही आलेले चालेल का, कधी, कशासाठी? गेल्यावर तिथले जेवण जेवावे. पाड्यावरच्या माणसाला पाहुण्याला वाढण्याचा मान असतो आणि तो आपण हिरावून घेऊ नये. पापनिवेदनाला बसताना फक्त रागलोभ आठवू नयेत, दिलेला आणि न पाळलेला शब्दही आठवावा. आगमनकाळाची प्रार्थना, मौन, उपवास यांची जागा सेवा घेऊ शकत नाही. प्रार्थनेशिवाय गेलेला माणूस तिसऱ्या फेरीला थकतो, कारण आभार अपेक्षेइतके मिळत नाहीत आणि काम दिसण्याइतके पुढे सरकत नाही. शांत बसायची सवय असलेला माणूस चौथ्या फेरीलाही जातो.

मोठ्या प्रमाणावर हे करता येते का? जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट चर्चनी 1959 च्या ॲडव्हेंटमध्ये 'ब्रोट फ्युर दी वेल्ट', म्हणजे जगासाठी भाकर, ही मोहीम सुरू केली. युद्धानंतर स्वतः परदेशी मदतीवर जगलेल्या लोकांनी उचललेले हे पाऊल होते. दरवर्षी पहिल्या ॲडव्हेंटला तिची नवी मोहीम सुरू होते, आणि पैसा वर्षभर, वर्षानुवर्षे चालणाऱ्या कामांना जातो. हंगाम देण्याला आहे, कामाला नाही. हा भेद आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांनाही उचलता येईल.

आणि त्यासाठी फार लांब जायला नको. पाथर्डी, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतल्या गावांत नोव्हेंबर ते मार्च घरोघरी म्हातारी माणसे आणि लेकरे मागे राहिलेली असतात. आईबापांसोबत फडावर गेलेल्या मुलांची शाळा सुटते. साखरशाळा काढून पाहिल्या गेल्या, पण मुले गावातच शाळेत राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना आहे. ती वेळेवर सुरू झाली तर पोर आजीजवळ राहून शिकते, उशीर झाला तर गाडीत बसून निघून जाते. वसतिगृह कधी उघडणार, याद्या कोणी पाठवायच्या, स्वयंपाकाचे पैसे अडलेत का, हे विचारायला ऑगस्ट-सप्टेंबरात पंचायत समितीत जाणारी माणसे हवीत. कारखान्याजवळच्या मंडळीला कोपीवरच्या गरोदर बायकांची नोंद आरोग्यसेविकेकडे करून द्यायची आहे, बाळंतपणासाठी रात्री गाडी कोण देणार हे ठरवून ठेवायचे आहे, आणि खाड्याचा दिवस भरून देण्याबद्दल मुकादमाशी बोलायचे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात जुन्या मिशनच्या मंडळ्या गावोगाव आहेत, त्यांतली कितीतरी कुटुंबे स्वतः दोन-तीन पिढ्यांपूर्वी दुष्काळातून उठून आली. फडाची आणि पाटाची भाषा त्यांना येते. पहिल्या रविवारी चार माणसांनी कोप्यांवर जाऊन नावे लिहून घेतली, आणि मार्चअखेर हंगामाचा पट्टा पडून गाड्या परत निघतात तेव्हा त्याच वहीतून एकेक नाव वाचत कोणते बाळ कुठे जन्मले, कोणाची उचल किती फिटली, पुढच्या वर्षी कोणाची मुलगी वसतिगृहात ठेवायची हे बोलून घेतले, तर जूनमध्ये शाळा उघडताना तिच्या गावी कोणाला फोन करायचा हे त्यांना माहीत असेल.